वाटाणा किती दाट, किती विरळ: ओळीतलं अंतर आणि झाडांची संख्या, सारखे विचारले जाणारे प्रश्न

मृगाचा पाऊस झाला की आमच्या पुरंदरात वाटाण्याची घाई सुरू होते आणि त्याबरोबर फोनही. नव्वद टक्के लोक एकच विचारतात, "एकरी किती किलो टाकू?" माझं उत्तर दरवर्षी तेच असतं, की किलो नंतर बघू, आधी सांगा शेतात झाडं किती उभी करायची आहेत. त्यावरून पुढे जे प्रश्न निघतात ते इथे एका जागी लिहून ठेवलेत, म्हणजे मलाही परत परत टाइप करायला नको.

१. वाटाण्याला अंतर नेमकं किती ठेवायचं? एक आकडा सांगा.

एकच आकडा हवा असेल तर दोन ओळीत ३० सेंमी (साधारण एक फूट) आणि दोन झाडात १० सेंमी (चार बोटं, थोडं जास्तच). हिरव्या शेंगांसाठी, मध्यम जमिनीत, बुटक्या किंवा मध्यम वाढणाऱ्या जातीला हे चालतं आणि यात फार मोठी चूक होत नाही. या हिशोबाने एका चौरस मीटरला ३३ झाडं येतात, एकरी साधारण १ लाख ३५ हजार. हा मधला आकडा आहे, जात, हंगाम, जमीन बदलली की तो इकडेतिकडे सरकतो, ते खाली त्या त्या प्रश्नात आहे.

२. मग एकरी बियाणं किती किलो लागेल?

इथेच सगळा घोळ होतो. कुणी म्हणतं २५ किलो, कुणी ४०, कुणाच्या काकांनी ६० टाकलेलं असतं, आणि तिघांचंही बरोबर असू शकतं कारण दाण्याचा आकार वेगळा, उगवण वेगळी, पेरायची पद्धत वेगळी. पिशवीतले १०० दाणे मोजा आणि सोनाराकडच्या किंवा स्वयंपाकघरातल्या छोट्या वजनकाट्यावर वजन करा. समजा २० ग्रॅम भरले आणि शेतात ८० टक्के उगवेल असं धरलं. मग हिशोब असा: चौरस मीटरला हवी तेवढी झाडं, गुणिले १०० दाण्यांचं वजन ग्रॅममध्ये, गुणिले ४, आणि त्याला शेतात किती टक्के उगवेल त्याने भागायचं. म्हणजे ३३ गुणिले २० गुणिले ४ भागिले ८०, उत्तर ३३ किलो एकरी. हेच बी बारीक, १६ ग्रॅमचं असेल तर साडेसव्वीस किलोत तेवढीच झाडं उभी राहतात. दोघांनी ३३ किलोच टाकलं तर एकाचं रान बरोबर आणि दुसऱ्याचं दाट.

उगवणीचे टक्के पिशवीवर छापलेले घेऊ नका. ओल्या गोणपाटात १०० दाणे गुंडाळून ठेवा, सातआठ दिवसात किती दाण्यांना मोड आले ते मोजा आणि त्यातून अजून दहा-पंधरा वजा करा, कारण शेतात मर (रोपं सुकून जाणं) असते, ढेकळं असतात, आणि कबुतरं असतात.

३. उगवल्यावर शेतात झाडं मोजायची कशी? सगळं रान तर मोजू शकत नाही.

११ फुटाची दोरी घ्या. ओळी ३० सेंमीवर असतील तर ११ फूट ओळ म्हणजे जवळजवळ बरोबर एक चौरस मीटर. दोरी ओळीलगत टाकायची आणि रोपं मोजायची, बस्स. ४५ सेंमीच्या ओळी असतील तर दोरी सव्वासात फूट. रानात आठदहा ठिकाणी मोजा, बांधाजवळ दोन, मध्ये चार, जिथे पाणी साचतं तिथे पण, आणि सरासरी काढा. मुद्दाम चांगली जागा बघून मोजू नका, आपण सगळेच ते करतो. पेरणीनंतर पंधराएक दिवसांनी हे एकदा केलं की पुढचे अर्धे प्रश्न पडतच नाहीत.

४. दाट पेरलं की माल जास्त निघणार, सरळ गणित आहे ना?

एका हद्दीपर्यंत आहे. झाडं वाढली की सुरवातीला एकरी माल वाढतो, मग वाढ मंदावते, मग माल तेवढाच राहतो आणि त्यापुढे दाट केलं तर उलट घटतो. कारण वाटाण्याचं झाड शेजाऱ्याकडे बघून वागतं. गर्दी झाली की ते फुटवे (बुडातून निघणाऱ्या फांद्या) काढत नाही, सरळ उजेडाकडे उंच पळतं, दोन पेऱ्यातलं अंतर वाढतं, खालची पानं पिवळी पडतात आणि झाडागणिक शेंगा कमी होतात. झाडं दुप्पट झाली पण शेंगा झाडामागे निम्म्या झाल्या तर हातात आलं काय, फक्त बियाण्याचं बिल.

आणि बियाणं हा वाटाण्यातला मोठा खर्च आहे, मजुरीखालोखाल. म्हणून जास्तीत जास्त माल देणारी दाटी आणि जास्तीत जास्त पैसे देणारी दाटी वेगळी असते, दुसरी नेहमी थोडी विरळ. शेवटच्या दहा किलो बियाण्याने जेवढा माल वाढवला त्याचे पैसे त्या दहा किलोच्या किमतीपेक्षा जास्त आले का, एवढंच बघायचं.

मी स्वतः एका वर्षी दुकानदाराच्या सांगण्यावरून भरपूर दाट पेरलं होतं. रान दिसायला इतकं झकास की रस्त्यावरून जाणारे थांबून बघायचे. फुलोऱ्यात एक जोराचा पाऊस झाला आणि सगळं गादीसारखं आडवं. वरच्या शेंगा बऱ्या, खालच्या सडक्या, आणि तोडणीला आलेल्या बायकांनी वाकून वाकून जे मला ऐकवलं ते इथे लिहित नाही.

५. मग विरळ लावून फुटवे वाढू दिले तर? एका झाडाला खूप शेंगा लागतात की.

लागतात, खरं आहे. जागा मिळाली की बुडातून एकदोन फुटवे निघतात आणि झाड बरीचशी भरपाई करतं. पण त्यात दोन गोष्टी लक्षात घ्या. एक, भरपाईला वेळ लागतो, आणि अर्केलसारखी जात ५५-६० दिवसात पहिल्या तोड्याला (शेंगा तोडायच्या फेरीला) येते, तिच्याकडे वेळच नसतो. दुसरं म्हणजे मुख्य खोडावरच्या शेंगा आधी भरतात आणि फुटव्यांवरच्या मागून, त्यामुळे तोडा लांबतो. ज्याला घरच्या माणसांनी चारपाच तोडे करायचे आणि भाव चढता आहे त्याला हे सोयीचं. ज्याला मजूर लावून दोन तोड्यात मोकळं व्हायचंय त्याला नाही. दाट रानात फुटवे कमी म्हणून माल एकदम येतो, पहिल्या तोड्यात मोठा हिस्सा निघतो. पावसाळी वाटाण्यात पहिल्या तोड्याला बहुतेक वेळा भाव बरा असतो, त्यामुळे हा मुद्दा बारीक वाटला तरी पट्टीवर (विक्रीच्या हिशोबाच्या कागदावर) दिसतो.

६. दोन ओळीतलं अंतर महत्त्वाचं की दोन झाडातलं? एकूण झाडं तेवढीच असली तर काय फरक?

चांगला प्रश्न आहे. ३० बाय १० आणि ४५ बाय साडेसहा, दोन्हीत झाडं जवळपास सारखीच. पण ४५ मध्ये ती एका ओळीत चेंगरलेली असतात, मुळं एकमेकांच्या पाण्यावर खतावर भांडतात, आणि ओळींच्या मध्ये मोकळी जमीन बराच काळ उन्हात पडून राहते, म्हणजे तिथे तण आणि ओल उडणं. ३० मध्ये रान लवकर झाकतं. निव्वळ उत्पादन बघितलं तर जवळच्या ओळी आणि त्यात झाडं जरा सुटी, हे बहुतेक वेळा सरस.

मग लोक ४५ का ठेवतात? कोळपं (ओळींमधलं तण काढायचं अवजार) चालवायला, पाठीवरचा पंप घेऊन जायला, तोडणाऱ्याला पाय ठेवायला. ही कारणं खोटी नाहीत. शेंग तोडताना वेल तुडवली गेली तर पुढचा तोडा गेला. म्हणून माझं मत असं की दर तीनचार ओळींनंतर एक वाट मोकळी सोडा आणि बाकी ओळी एक फुटावर ठेवा, सगळं रान पायासाठी दीड फुटावर न्यायची गरज नाही.

७. जातीप्रमाणे अंतर बदलायचं का?

हो, आणि जास्त. अर्केल बुटकी, लवकर येणारी, फुटवे कमी, तिला ३० बाय ७ किंवा ८ सेंमी दिलं तरी चालतं. बोनव्हिला ऐंशीएक दिवसाला जाते, जास्त वाढते, तिला ४५ बाय १० द्या. हल्ली बाजारात ६५-७५ दिवसाच्या ज्या जाती चालतात त्या या दोघींच्या मध्ये, ३० बाय १० च्या आसपास. उंच वेलीच्या जातीला ताटी किंवा सुतळीचा आधार देणार असाल तर ओळी दोन ते तीन फुटावर न्या आणि ओळीत झाडं ५ सेंमीवर ठेवा, कारण तिथे झाड आडवं पसरत नाही, उभं जातं, आणि दोन ओळीत सावली पडायला नको.

पानांऐवजी ताणेच ताणे (आधाराला वेटोळे घालणारे तंतू) असलेल्या जाती पण असतात. त्या दाट चालतात, किंबहुना दाटच लावायच्या, कारण ताणे एकमेकांना धरून ठेवतात आणि रान उभं राहतं. विरळ लावली की तीच जात लोळते.

८. शिफारशीत "६० सेंमी सरी" लिहिलंय आणि तुम्ही ३० म्हणता. कोण बरोबर?

दोन्ही एकच आहे हो. ६० सेंमीवर सरी पाडायची आणि वरंब्याच्या दोन्ही बगलेला बी टोकायचं (हाताने एकेक दाणा लावायचा), म्हणजे ६० सेंमीत दोन ओळी, सरासरी ३० सेंमीला एक. गडबड तेव्हा होते जेव्हा माणूस ६० वाचतो आणि एकाच बगलेला टोकतो. झाडं निम्मी, मग म्हणायचं बियाणं खराब.

ड्रिपवाल्यांसाठी: चार फुटाचा बेड, त्यावर तीन ओळी, ओळीत साडेसात सेंमीवर दाणा, हिशोब करून बघा, परत चौरस मीटरला ३३ च येतात. लॅटरल (ठिबकची नळी) एक असेल आणि जमीन मुरमाड असेल तर कडेच्या ओळींना ओल पोचते का ते आधी पाणी सोडून बघा, नाही पोचली तर दोनच ओळी ठेवा. मधली ओळ हिरवीगार आणि कडेच्या दोन्ही पिवळ्या, असे बेड मी बरेच बघितलेत.

९. पाभरीने (बैलाच्या पेरणीच्या अवजाराने) पेरावं की हाताने टोकावं?

पाभरीने किंवा ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्राने पेरलं की काम अर्ध्या दिवसात, पण दाणा कुठे पाच पडतात कुठे एकही नाही. टोकलं की बियाणं बरंच कमी लागतं आणि अंतर सारखं येतं पण मजूर लागतात. माझ्या अनुभवात झाडांचा आकडा थोडा कमीजास्त झाला तरी वाटाणा सांभाळून घेतो, सांभाळत नाही ते नांगे. दोन फूट रिकामं आणि पुढे अर्ध्या फुटात दहा झाडं, याची भरपाई कुठलंच झाड करत नाही. यंत्राने पेरत असाल तर वेग कमी ठेवा, बी प्रतवारी केलेलं घ्या, आणि सगळा दाणा ४-५ सेंमी खोल, वाफशावर (माती चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशा ओलीवर) पडेल एवढं बघा. वर पडलेला दाणा पक्ष्यांचा.

१०. खरीप आणि रब्बीला तेच अंतर चालेल?

नाही. आमच्याकडे पावसाळ्यात वाटाणा होतो तो उंची, ढगाळ थंड हवा आणि पर्जन्यछाया यामुळे. पण पावसाळ्यात पाला जास्त माजतो आणि शेंग ओल्या जमिनीला टेकली की सडते. म्हणून खरिपात वरंब्यावर किंवा बेडवर, आणि रब्बीपेक्षा एक पायरी विरळ. पाणी साचणाऱ्या काळ्या रानात खरीप वाटाणा लावूच नका, तिथे अंतर काहीही ठेवा, मर लागणारच.

रब्बीत, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत, हवा कोरडी, वाढ आटोपशीर, तिथे ३० बाय ७ ते १० बिनधास्त. फक्त एक लक्षात ठेवा, त्या मालाला डिसेंबरपासून जबलपूर आणि उत्तर प्रदेशकडच्या वाटाण्याशी मार्केटमध्ये टक्कर आहे, त्यामुळे बियाण्यावर उधळपट्टी रब्बीत जास्त महागात पडते.

११. दाट लावल्यामुळे भुरी (पानांवर पांढरी पावडर धरणारा बुरशीरोग) येते का?

भुरी दाटीमुळे जन्माला येत नाही, पण दाटीत मुक्कामाला राहते. दिवसा कोरडं ऊबदार, रात्री दव, अशा हवेत ती येतेच. गच्च रानात दव उशिरा सुकतं, वारा फिरत नाही, आणि मुख्य म्हणजे फवारा वरच्या पानावरच बसतो, खाली पोचत नाही. त्यामुळे औषध मारलं तरी भुरी जात नाही ही तक्रार बऱ्याचदा औषधाची नसून अंतराची असते. ज्या रानात दरवर्षी भुरी असते तिथे ओळी वाऱ्याच्या दिशेने काढा आणि सहनशील जात निवडा. मावा आणि शेंग पोखरणाऱ्या अळीचंही तसंच, दाट पाल्यात ती वेळेवर दिसतच नाही.

१२. जवळच्या ओळी ठेवल्या तर कोळपायचं कसं?

पहिले ३०-४० दिवस तण काढणं महत्त्वाचं, त्यानंतर वाटाणा स्वतःच जमीन झाकतो. एक फुटाच्या ओळीत बैलाचं कोळपं अडचणीचं होतं, हातकोळपं किंवा सायकल कोळपं चालतं. एक कोळपणी तिसऱ्या आठवड्यात, एक खुरपणी त्यानंतर, मग ताणे एकमेकात अडकले की आत शिरू नका. रानात लव्हाळा, हराळी जास्त असेल तर मात्र माझा आग्रह सोडतो, दीड फूट ठेवा आणि कोळपी फिरवा, कारण लव्हाळ्याला वाटाण्याची सावली पुरत नाही.

१३. झाडं जास्त ठेवली तर खतही जास्त द्यायचं ना?

नत्र तर अजिबात वाढवू नका. मुळांवरच्या गाठी नत्र बनवतात, पेरताना थोडं दिलं की पुरे, म्हणून बियाण्याला रायझोबियम (या गाठी तयार करणारे जिवाणू) चोळून पेरा. दाट रान आणि वरून युरिया म्हणजे पालाच पाला, आणि मग प्रश्न ४ मधली गादी. स्फुरद पेरणीबरोबर बुडात द्या, माती परीक्षणाप्रमाणे. पाण्याचं मात्र खरं आहे, हलक्या जमिनीत दाट रान लवकर सुकतं, तेव्हा फुलोरा आणि शेंग भरताना पाळी चुकवून चालत नाही. पाण्याची खात्री नसेल तर झाडं कमी ठेवा.

१४. दाट पाल्यात मधमाशा शिरत नाहीत म्हणून शेंगा कमी लागतात, असं ऐकलं.

नाही. वाटाण्याचं फूल उमलायच्या आतच स्वतःचं परागीकरण उरकतं. दाटीत शेंगा कमी लागतात त्या उजेड आणि अन्न कमी पडल्यामुळे.

१५. पेरणीला उशीर झालाय. अंतर तेच ठेवू?

रब्बीत उशीर झाला तर कमी करा. उशिरा पेरलेलं झाड लहानच राहतं, फुटवे काढायच्या आत फेब्रुवारीचं ऊन येतं आणि पारा तिशीच्या वर गेला की फुलं गळतात. लहान झाडाने जागा भरायची नाही तर जास्त झाडांनी भरायची, म्हणून बियाणं पंधरा-वीस टक्के वाढवा. नोव्हेंबर सरल्यावर विचारत असाल तर मी म्हणेन वाटाणाच नको, पण ऐकत कोण नाही.

१६. ऊसात आंतरपीक म्हणून लावला तर?

पूर्वहंगामी ऊसात छान जमतो. साडेचार फुटाच्या सरीत वरंब्याच्या बगलांना मिळून दोन ओळी, १० सेंमीवर दाणा, चौरस मीटरला १५ च्या आसपास झाडं. यापेक्षा जास्त कोंबू नका, तुमचं मुख्य पीक ऊस आहे. बुटकी लवकर येणारी जातच घ्या, म्हणजे भरणीच्या (ऊसाला मातीची भर द्यायच्या) आत रान मोकळं होतं.

१७. कॅनडात म्हणे याच्या दुप्पट दाट पेरतात. आपणच मागे आहोत का?

त्यांचं पीक वेगळं आहे. आपल्या रगड्यातला पांढरा वाटाणा तिकडूनही येतो, तो वाळवून कंबाइनने एकदाच कापायचा. तिकडे ओळी ९ ते १२ इंचावर आणि चौरस मीटरला ७५-८५ झाडं धरतात, जाती ताण्यांच्या, उभ्या राहणाऱ्या. यंत्राला सगळं रान एकदम पिकलेलं हवं, फुटव्यांवर हिरव्या शेंगा मागे राहिलेल्या नकोत, आणि रानात माणसाने शिरायचंच नसतं. आपल्याला तीन वेळा आत जाऊन शेंग तोडायची आहे. आपणही वाळल्या दाण्यासाठी पेरत असू तर हिरव्यापेक्षा दाट ठेवायला हरकत नाही.

१८. कुंडीत किंवा परदेशात मागच्या अंगणात लावायचाय, तिथे हे मीटरबिटर नको.

बारा इंची कुंडीत सहासात दाणे, मध्ये काटक्या रोवा, झालं. इंग्लंडमधल्या एका भाचीने विचारलं होतं, तिथली जुनी पद्धत चांगली आहे: वीतभर रुंद, सपाट तळाची चर काढायची, त्यात दोनतीन ओळीत ५ ते ७ सेंमीवर दाणे आणि मधोमध जाळी. फक्त कोवळे कोंब खुडून भाजी करायची असेल तर अंतर विसरा, ट्रेमध्ये दाण्याला दाणा लागेल असं पसरा, ते झाड आपण मोठं होऊच देत नाही.

१९. उगवण खूपच कमी झालीय. नांगे भरू, मोडू (सगळं काढून परत पेरू) की ठेवू?

आधी प्रश्न ३ प्रमाणे मोजा, डोळ्याने ठरवू नका, उगवतीचं रान नेहमी विरळच दिसतं. चौरस मीटरला वीसच्या वर झाडं आणि सगळीकडे सारखी पसरलेली असतील तर ठेवा, फुटवे भरून काढतील, एक तोडा मागेपुढे होईल इतकंच. मोठे नांगे असतील तर पेरणीपासून आठदहा दिवसात भिजवलेलं बी टोका. त्यानंतर भरलेलं झाड मोठ्यांच्या सावलीत बसतं आणि तोड्याच्या वेळी फुलावर असतं, उपयोग नाही. पंधराच्या खाली असेल, जात लवकरची असेल आणि हंगाम हातात असेल तर मी मोडतो. फक्त परत पेरायच्या आधी दोनचार जागी उकरून बघा बी कुठे गेलं. कुजलं असेल तर ओल किंवा बुरशी, जागेवर नसेलच तर पाखरं, आणि सुकं तसंच पडलं असेल तर थांबा, पाऊस पडला की अजून उगवेल, आमच्या शेजाऱ्याने असंच मोडलं आणि चार दिवसात बांधाच्या कडेला न मोडलेल्या पट्ट्यात सगळं बी वर आलं.